चाकाचा शोध एवढा उशिरा का लागला?

लेकीचा बाबा:

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे, शाळेतून प्रोजेक्ट आलाय, प्राचीन काळातले महत्त्वाचे शोध, कार्डशीटवर काळपट्टी करायची. रविवारी दोघं मिळून बसलो आणि वरून खाली लिहीत गेलो. जर्मनीतल्या गुहांमध्ये सापडलेली हाडाची बासरी सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची, चीनमधली मातीची भांडी २०,००० वर्षांपूर्वीची, शेती ११,००० च्या आसपास, मग विणकाम, गावं, तांबं वितळवणं. आणि चाक? ते आलं थेट ५,५०० वर्षांपूर्वी! म्हणजे माणूस बासरी वाजवायला लागला त्यानंतर ३४-३५ हजार वर्षांनी. मी लहानपणापासून "आधी आग मग चाक" असंच ऐकत आलोय, चित्रात पण तो केसाळ गुहामानव दगडाचं चाक घेऊन उभा असतो, त्यामुळे मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं म्हणून परत शोधलं, तर आकडा बरोबर निघाला.

आता लेक विचारते की बाबा, गोल ओंडका उतारावरून गडगडत जातो हे तर कोणालाही दिसलं असेल, मग चाक सुचायला एवढी हजारो वर्षं का लागली? माझ्याकडे उत्तर नाही आणि उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये. दुसरं म्हणजे इजिप्तवाल्यांनी पिरॅमिडचे दगड चाकाशिवाय ओढले म्हणतात, ते का? कोणाला नीट माहीत असेल तर प्लीज सांगा, पुढच्या शुक्रवारी सबमिट करायचंय.

जुनंपुराणं:

छान विचारलंय पोरीने, हा प्रश्न मोठे मोठे अभ्यासक पण विचारतात. तुमचा आकडा बरोबर आहे. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से नावाच्या गावी एक मातीचं भांडं सापडलंय, त्यावर चार चाकांची गाडी कोरलेली आहे, काळ इसपू ३५०० च्या जरा अलीकडचा. साधारण त्याच सुमाराला मेसोपोटेमियात उरुकच्या मातीच्या पाट्यांवर गाडीचं चिन्ह दिसतं. आणि प्रत्यक्ष लाकडी चाक हवं असेल तर स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत २००२ साली एक मिळालं, सुमारे ५,१५० वर्षं जुनं, आसासकट (आस म्हणजे चाकाच्या मधल्या भोकात बसणारा आडवा दांडा)! दलदलीत हवा लागली नाही म्हणून लाकूड टिकलं, नाहीतर एवढं जुनं लाकूड कुठलं हाताला लागायला.

आता मुख्य मुद्दा. गोल वस्तू गडगडते हे माहीत असून उपयोग नाही. अवघड काम आहे ते आसाचं. चाकाच्या बरोबर मधोमध गोल भोक, आसाची टोकं पण तेवढीच गोल आणि गुळगुळीत, आणि दोघांत फट इतकीच की चाक फिरेल पण डगमगणार नाही. भोक घट्ट झालं तर चाक अडकतं, सैल झालं तर लडबडत जातं आणि भोक अजून मोठं होतं. आस जाड केला तर घर्षण वाढतं, बारीक केला तर ओझ्याखाली मोडतो. हे सगळं एकाच वेळी जमलं पाहिजे, अर्धवट जमलेल्या चाकाचा कोणाला काही उपयोग नाही, ते घसरगाडीपेक्षा (म्हणजे जमिनीवरून ओढायच्या बिनचाकाच्या गाडीपेक्षा) वाईट चालतं. म्हणून हळूहळू सुधारत चाक येण्यासारखी परिस्थितीच नव्हती. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की अशी कोरीव सुतारकी तांब्याच्या छिन्न्या वगैरे हत्यारं हातात आल्यावरच जमली.

आणि तो ओंडक्याची चकती कापली की झालं चाक हा गैरसमज आहे. झाडाची आडवी चकती वाळली की मधून तडकते, वजन ठेवलं की फाकते. म्हणून जुनी चाकं उभ्या फळ्या एकमेकींना जोडून आणि मग गोल कापून केलेली असतात. ल्युब्लियानाचं चाक ॲश झाडाच्या लाकडाचं आहे, व्यास सुमारे ७२ सेंटीमीटर, आणि आस ओकचा. त्यात एक गंमत बघा, चाकाचं भोक चौकोनी आहे! म्हणजे चाक आसावर फिरत नव्हतं, आस आणि चाक दोन्ही मिळून फिरायचे, गाडीच्या बुडाखाली.

पिरॅमिडचं उत्तर तर इजिप्तवाल्यांनी स्वतःच चित्र काढून दिलंय. जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, इसपू १९०० च्या आसपासचं चित्र आहे, प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर ठेवलाय, दोरांना माणसांच्या रांगाच्या रांगा आणि पुतळ्याच्या पायाशी उभा एक माणूस समोरच्या वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की हा काहीतरी विधी असेल. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी प्रयोग करून दाखवलं की वाळू योग्य तेवढी ओली केली की ओढायला लागणारा जोर साधारण निम्मा होतो. कोरड्या वाळूत टनावारी दगड चाकावर ठेवला तर चाक रुतून बसणार. तिथे घसरगाडीच शहाणपणाची होती.

माणदेशी:

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमचं घराणं सुताराचं. आबा (आजोबा) गाड्या करायचे, मी १०-११ वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या हाताखाली लुडबुड केलीय, नंतर टायरच्या गाड्या आल्या आणि ते काम थांबलं.

जुनंपुराणं म्हणतात ते शंभर टक्के खरं, सगळा जीव तुंब्यात. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गोल ठोकळा, त्यात आस बसतो. आबा बाभळीचा बुंधा आणून तसाच सावलीत ठेवून द्यायचे, वर्षभर तरी हात लावायचे नाहीत. लाकूड ओलं असताना भोक पाडलं तर वाळल्यावर भोक गोल राहत नाही, अंड्यासारखं होतं, मग गाडी जन्मभर कुरकुरणार. तुंब्याला चौफेर खाचा पाडून त्यात आरे, म्हणजे तुंब्यापासून कडेपर्यंत जाणारे दांडे, ठोकायचे, आमच्याकडे १२ आऱ्यांचं चाक असायचं, आणि आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर कमानीसारखे वाकडे सहा तुकडे, एकेका तुकड्यात दोन दोन आरे. एवढं झालं तरी चाक नुसतं हातात धरलं तर खुळखुळायचं. मी एकदा आबांना म्हटलं की आबा हे तर सैल झालंय, तर म्हणाले थांब, ते लोहाराच्या हातनं घट्ट व्हायचंय.

मग धाव चढवायचा दिवस. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. लोहार दोऱ्याने चाकाचा घेर मोजायचा आणि पट्टीचं कडं त्यापेक्षा बोटभर कमी करायचा, मुद्दाम कमी. मला ते कळायचं नाही, लहान कडं मोठ्या चाकावर बसणार कसं. मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा गोल रचायचा, त्यात कडं ठेवायचं आणि पेटवून द्यायचं. तासाभराने कडं लालबुंद झालं की चौघांनी चार बाजूंनी सांडशीने उचलून पळत आणायचं आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकायचं. तापून ते वाढलेलं असायचं ना, बरोब्बर बसायचं. लाकूड लगेच पेटायला लागायचं, धूर, बाभळीचा तो करपट वास, घणाचे ठोके, आणि लोहार ओरडायचा "पाणी!" की आम्ही पोरं घागरी घेऊन तयारच. पाणी पडलं की चर्रर्र आवाज, आणि त्या वाफेतनं दुसरा आवाज यायचा, करकर करकर, सगळे सांधे आवळल्याचा. कडं गार होऊन आकसत जायचं तसे आरे तुंब्यात घुसत जायचे. आबा कान देऊन ऐकायचे. तो आवाज थांबला की चाक उचलून आपटायचे आणि ते एका अखंड लाकडासारखं ठण्ण वाजायचं. एक खिळा नाही, डिंक नाही.

नंतर डिप्लोमाला गेल्यावर हिशोब केला, चार मीटर पट्टी ५०० अंशांनी तापली तर साधारण अडीच सेंटीमीटर वाढते. बोटभरच की! आबांना आणि त्या लोहाराला ते आकडे कोणी शिकवले नव्हते.

उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव ढिली व्हायची, मग लोक चाकं ओढ्यात नाहीतर डोहात भिजत टाकायचे. आणि वंगण. गाडीच्या बाजूला एरंडेलात भिजवलेल्या चिंध्यांची नळी टांगलेली असायची. वंगण नसलं की आस आणि तुंबा एकमेकांना खातात. हे सगळं सांगायचं कारण असं की पोरीला म्हणावं चाक ही एकट्याने बसून लावायच्या शोधातली वस्तू नाही, सुतार, लोहार, तेल काढणारा, बैल सांभाळणारा असं अख्खं गाव लागतं.

नकाशावाला:

माणदेशी दादा, काय लिहिलंय! सेव्ह करून ठेवतोय.

मी दुसऱ्या बाजूने सांगतो. "चाक माहीत असणं" आणि "चाक वापरणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेक्सिकोत व्हेराक्रूझ भागात मातीची खेळणी सापडलीत, कुत्रा, जग्वार वगैरे, पायांच्या जागी आस आणि त्याला चाकं. म्हणजे तिथल्या लोकांना तत्त्व चक्क माहीत होतं, पण गाडी कोणी केली नाही. कारण ओढायला जनावरच नव्हतं. बैल नाही, घोडा नाही, गाढव नाही, मग गाडी ओढणार कोण, माणूसच ना, त्यापेक्षा पाठीवर घेतलेलं सोपं. इंकांचं पण तसंच, अँडीज पर्वतात त्यांचं रस्त्यांचं जाळं ३०,००० किलोमीटरच्या घरात होतं पण ठिकठिकाणी दगडी पायऱ्या, आणि त्यांचा लामा २५-३० किलो पाठीवर घेऊन पायऱ्या चढतो, गाडी ओढत नाही. त्यांना मागासलेले म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिथल्या डोंगरात बैलगाडी घेऊन जाऊन दाखवा म्हणावं.

याहून भारी उदाहरण म्हणजे चाक सोडून दिलेला प्रदेश! पश्चिम आशियात, जिथे चाकाचे सगळ्यात जुने पुरावे मिळतात त्याच भागात, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून पुढे गाड्या हळूहळू दिसेनाशा होत गेल्या आणि सगळी वाहतूक उंटावर आली. हिशोब बघा. रोमन सम्राट डायोक्लेशनने ३०१ साली मालाचे आणि भाड्याचे कमाल दर ठरवून दिले होते, त्यात १,२०० रोमन पौंड माल गाडीने न्यायचा तर मैलाला २० दिनार, आणि ६०० पौंड उंटावर न्यायचा तर ८ दिनार. म्हणजे गाडीभर माल दोन उंटांवर टाकला तर १६ दिनारात काम. वर रस्ता नको, पूल नको, चाकदुरुस्ती नको. व्यापारी काय करणार? स्वस्त तेच घेणार. मध्ययुगात तिथल्या जुन्या शहरांत एवढ्या अरुंद गल्ल्या का, तर गाडीला जागा सोडायची गरजच उरली नव्हती, हे एक कारण सांगतात.

चीनने तिसराच मार्ग काढला, एक चाक! हान काळापासून तिथे एकचाकी हातगाडी आहे, चाक मोठं आणि मधोमध, म्हणजे जवळपास सगळं वजन चाकावर, माणसाने फक्त तोल सांभाळून ढकलायचं. २३१ साली झुगे लियांग या सेनापतीने सैन्याला धान्य पोचवायला "लाकडी बैल" वापरले अशी नोंद आहे, ती बहुधा हीच गाडी. शेताच्या बांधावरून पण जाते, बैलाला चारा लागतो तो प्रश्नच नाही. युरोपात अशी एकचाकी यायला त्यानंतर हजारभर वर्षं लागली.

प्रवराकाठ:

आपल्याकडचं कोणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहिते. आमच्या जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे एका माणसाला झाडाचं खोड उकरताना चार कांस्य वस्तू सापडल्या, बैलांची गाडी, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्या भरीव ओतकामाच्या, चारींचं मिळून वजन ६० किलोच्या वर! गाडी ४५ सेंटीमीटर लांब, दोन बैल जुंपलेले आणि मागे एक माणूस उभा, हाकणारा. बाकीच्या जनावरांखाली पण चाकं नाहीतर आस बसवायची सोय आहे, म्हणजे ओढत न्यायच्या मिरवणुकीच्या वस्तू असाव्यात असा अंदाज. काळाबद्दल वाद आहे, उत्खनन करणाऱ्यांनी उत्तर हडप्पा काळाच्या म्हणजे इसपू २००० च्या आसपासच्या धरल्या, पण धातूत आर्सेनिकचं प्रमाण जास्त निघालं म्हणून काहींनी त्यांना पुढच्या काळात टाकलं. गाडी दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी कॉलेजच्या सहलीत पाहिली, आणि खरं सांगते, त्या माणसाचा उभं राहायचा ढंग बघून मला आमच्या गावच्या शर्यतीतला गाडीवान आठवला, काचेसमोरून हलवेना.

त्या गाडीची चाकं भरीव आहेत, आरे नाहीत. हडप्पा, मोहेंजोदडोला मातीच्या खेळण्यातल्या गाड्या ढिगाने मिळाल्यात त्या पण बहुतेक भरीव चाकांच्या. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात सिनौलीला २०१८ मध्ये दफनात गाड्या मिळाल्या, त्यांच्या भरीव चाकांवर तांब्याचे त्रिकोण जडवलेत. तो रथ की बैलगाडी यावर अजून भांडण चालू आहे, मी त्यात पडत नाही.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, आपल्या बैलाचं वशिंड! जू वशिंडाच्या पुढे ठेवलं की आपोआप अडतं, बैल मानेने आणि खांद्याने ढकलतो, गळ्याला फास बसत नाही. घोड्याला असं काही नसतं, पट्टा वर सरकला की गळा आवळतो, म्हणून घोड्याकडून जड ओझं ओढून घ्यायला वेगळा साज लागला, खांद्यावर टेकणारी गादीची कॉलर, आणि ती युरोपात रुळायला नववं-दहावं शतक उजाडलं. म्हणून तक्त्यावर चाकाशेजारी जू पण काढा बरं का.

शब्दवेडी:

माणदेशींच्या १२ आऱ्यांवरून अंगावर काटा आला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४ व्या सूक्तात वर्षाला "द्वादशार" चक्र म्हटलंय, बारा आऱ्यांचं, बारा महिने. आपला "आरा" म्हणजे तिथला "अर", आणि "आस" म्हणजे "अक्ष". तुंब्याला "नाभि" म्हणजे बेंबी. हा अक्ष लॅटिनमध्ये "ॲक्सिस" म्हणून भेटतो, आणि आपला "रथ" तिकडे "रोटा" म्हणजे चाक. इतक्या लांबच्या भाषांत गाडीचे शब्द एका मुळातले आहेत, त्यावरून भाषाशास्त्रज्ञ म्हणतात की या भाषा एकमेकींपासून दूर जायच्या आधी ते लोक गाडी वापरत असणार. म्हणजे चाकावरून भाषेचं वय काढतात!

आऱ्यांचा सगळ्यात जुना पुरावा उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता संस्कृतीच्या कबरींत, इसपू २००० च्या सुमाराचा. लाकूड कधीच कुजून गेलंय, पण रथ पुरताना चाकं जमिनीत खाचा करून बसवली होती, त्या मातीत आऱ्यांचे ठसे राहिलेत. भरीव चाकापासून इथवर यायला दीड हजार वर्षं लागली, हे पण काळपट्टीवर घ्या.

आणि मराठीत "चाकोरी" म्हणजे मुळात गाडीच्या चाकांनी पडलेली वाट. लेकीला सांगा, आवडेल तिला.

लेकीचा बाबा:

काय बोलू, दोन दिवस आम्ही घरात दुसरं काही बोललोच नाही. आई (माझी) पण येऊन बसली, तिने माहेरच्या गाडीची वंगणाची नळी आठवून सांगितली.

लेकीने दोन गाड्या केल्या, बाटलीची झाकणं, स्ट्रॉ आणि बांबूच्या काड्या. एकीत काडी बुडाला पक्की चिकटवली आणि झाकणं काडीवर सुटी फिरतात. दुसरी ल्युब्लियानासारखी, झाकणं काडीला फेविकॉलने पक्की आणि काडी स्ट्रॉमध्ये फिरते. सरळ दोन्ही मस्त चालतात. वळवल्या की पहिली छान वळते आणि दुसरीचं एक चाक फरशीवर घासत जातं. मग तिचं तिलाच कळलं की वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि दोन्ही एकाच काडीला बांधलेली असली की बाहेरचं चाक पुढे पळू शकत नाही. झाकणाचं भोक मोठं पडलं म्हणून पहिल्या गाडीची चार झाकणं फुकट गेली, तेव्हा म्हणाली बाबा आता कळलं एवढी वर्षं का लागली.

आता तिचा पुढचा प्रश्न आहे, तो मी तिच्याच शब्दांत देतो: इतक्या जुन्या चाकात आस फिरत होता की नुसतं चाक फिरत होतं हे भोक चौकोनी नसेल तर कसं ओळखायचं?

माणदेशी:

शाब्बास ग पोरी!

आमच्या गोठ्यात आबांच्या शेवटच्या गाडीचं एक चाक आणि तिचा लोखंडी आस भिंतीला टेकवून ठेवलाय, आज सकाळी तुझ्यासाठी मुद्दाम पुसून बघितला. आसाचं टोक फक्त खालच्या अंगाने झिजलंय, वरून अजून गोल आहे, नखाने कड लागते. तुंब्यातली लोखंडी नळी मात्र चौफेर सारखी झिजलीय, कुठे जास्त नाही कुठे कमी नाही. संध्याकाळी उजेड असताना दोन्हींचे फोटो टाकतो. कोण फिरत होतं आणि कोण जागेवर होतं ते तू ओळख, आणि आस फिरणारा असता तर झीज कुठे पडली असती ते मला लिहून कळव.